‘ठाऊक नाही’ लिहिण्याचा प्रश्न

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा अहवाल हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याचीही समीक्षा झाली पाहिजे, असे मी मानतो. कवितेतील खोटा सूर आपण ओळखतो. मग ज्या लेखनावर माणसांचे पोट अवलंबून आहे, त्यातील खोट्या निश्चितीला मोकळे का सोडावे?

मुंबईचा सागरी किनारा मार्ग घ्या. मरीन ड्राइव्ह ते वरळी, १०.५८ किलोमीटर; गिरगाव चौपाटीखालून बोगदे, पुढे समुद्रात भराव. वरळी कोळीवाड्याच्या होड्या जेथून समुद्रात जातात, तेथे पुलाच्या दोन खांबांतील अंतर महापालिकेने ६० मीटर ठरविले. वारा आणि भरती-ओहोटी यांत एवढ्या फटीतून होडी सुखरूप जाणार नाही, असे मच्छीमार सांगत राहिले. त्यांनी १६० मीटरची मागणी लावून धरली, २०२१ मध्ये समुद्रात उतरून काम रोखले. २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून १२० मीटरचे अंतर शासनाने मान्य केले.

६० हा मुळात अंदाजच होता. परंतु कोळीवाड्यात तो शास्त्राचा निर्णय म्हणून आला. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण मात्र ‘तक्रार’ ठरले. ज्ञानाची ही उतरंड आपल्याला नवी आहे काय?

१६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरण मंजुरी आणि वन्यजीव कायद्याखालील परवानगी आवश्यक मानली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. काम पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये हाजीअली व वरळी येथील प्रवाळ हलवावे लागले.

अभियंत्याला कोठेतरी आकडा ठरवावाच लागतो, हे मान्य. मच्छीमारांचा आकडाही तपासावा. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. खांब जादा दूर गेला तर खर्च वाढतो. जवळ राहिला तर होडी फुटते. म्हणून अहवालाने काय गृहीत धरले, कोणत्या महिन्यांत मोजले, काय अद्याप ठाऊक नाही आणि अंदाज चुकल्यास कोण भरणार, हे स्पष्ट आणि मराठीत लिहावे.

बाबासाहेबांनी मांडलेला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. स्वतःचे वचनही तो तपासणीसाठी खुले ठेवतो. अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाला यापेक्षा मोठा अधिकार कोणी दिला? जनसुनावणीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.