दमाचा खेळ आणि कर्ण्याचा गोंगाट

नाटकाचें परीक्षण लिहितां येतें, गायनाच्या बैठकीचें लिहितां येतें. मग खेळाचेंच कां लिहूं नये, ह्या प्रश्नाचा फारसा खल न करतां आम्ही कामास लागतों. पेण आणि रोहें ह्या दोन तालुक्यांत कबड्डीचे जे सामने होतात, त्यांतील महाविद्यालयीन सामने हा आमचा आजचा विषय. गणपतीच्या मूर्तींमुळें पेणचें आणि चिंतामणराव देशमुखांमुळें रोह्याचें नांव सर्वत्र ठाऊक आहे. पण मुंबईबाहेर कबड्डी कोठें मुरली आहे असें कोणी विचारलें, तर आम्ही ह्याच मुलखाकडे बोट दाखवूं.

भाताची कापणी आटोपली कीं खारेपाटांतील शेतें मोकळीं होतात व तेथली चिकणमाती वाळून टणक होते. तीच ढेंकळें फोडून, पाणी शिंपडून, चोपून मैदान करावयाचें, फक्कीनें रेषा आंखावयाच्या, आणि दिव्यांच्या उजेडांत उत्तररात्रीपर्यंत खेळावयाचें, ही गांवोगांवची रीत. ह्या मातींत तयार झालेलींच मुलें पुढें मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या पेण-रोह्याच्या महाविद्यालयांत येतात. त्यामुळें महाविद्यालयाचा संघ हा खरें पाहतां चार-सहा गांवांच्या मंडळांतून उसना आणलेला संघ असतो. वर्षभर एकमेकांच्या पकडी करणारे गडी आठ दिवसांसाठीं एका रंगाचे सदरे घालतात. त्यांच्या चढाया उत्तम असतात; बचाव मात्र विस्कळित. कारण चढाई एकट्याची असते. सांखळी धरून बचाव करावयाचा तर शेजाऱ्याचा हात कधीं सुटेल हें न पाहतां कळावें लागतें, आणि तें आठ दिवसांत कळत नाहीं. ज्या संघांत एकाच गांवचे तीन-चार गडी असतात तो संघ बहुधा पुढें जातो, असें आम्हीं वारंवार पाहिलें आहे.

ह्या खेळाची खरी गोडी कशांत आहे ? एकाविरुद्ध सात हा प्रकार इतर खेळांतहि थोडाफार सांपडेल. पण गड्यानें आपल्या अंगांतील श्वास सर्वांना ऐकूं येईल असा मोजून दाखवावयाचा, ही कल्पना इतरत्र क्वचितच आढळेल. हुतूतू म्हणा, बंगाल्यांचें हाडुडु म्हणा कीं तमिळांचें चेडुगुडु, प्रत्येक ठिकाणीं खेळास नांव मिळालें आहे तें ह्या उच्चारावरूनच. जुन्या काळीं संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार होते. एकांत मेलेला गडी उठे, दुसऱ्यांत सर्व संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे, तिसऱ्यांत तो मरतच नसे. ह्यांतील संजीवनीच आजच्या खेळाचा पाया ठरली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें ह्या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचें स्थान मिळालें. नियम बदलले, मैदानाचीं मापें बदललीं, निदान रेषेच्या पलीकडे बोनस रेषा आली. दम मात्र राहिला. किंबहुना, तो राहिला आहे अशी समजूत आहे.

ती समजूत कितपत खरी आहे हाच आमचा मुख्य मुद्दा. आज चढाईस तीस सेकंदांची मुदत आहे. ही मुदत आम्हांस मुळींच अमान्य नाहीं; तिच्यामुळें वेळकाढूपणास आळा बसला व खेळ चपळ झाला. परंतु घड्याळ आल्यामुळें दमाचें काम घड्याळानें केलें आहे असें सर्वांनीं मनोमन धरलें. नियम अद्याप असाच आहे कीं ‘कबड्डी’ हा उच्चार स्पष्ट, अखंड आणि एका श्वासांत झाला पाहिजे. तो तसा होतो कीं नाहीं हें पंचांनीं ऐकावयाचें असतें. आणि ऐकावयाचें कसें ? मैदानाच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे कर्णे, त्यांतून अखंड चाललेलें निवेदन, चढाईच्या मध्यें देणगीदारांचीं नांवें, पकड झाली कीं चित्रपटांतील गाण्याचा तुकडा ! गड्याचे ओठ हालतांना दिसतात. आवाज येत नाहीं. निवेदक रसाळ असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. त्याचे विनोद ऐकावयास येणारा एक निराळाच श्रोतृवर्ग तयार झाला आहे. पण नाटकांत नायकाचें भाषण चालू असतां सूत्रधारानें पुढें येऊन त्याचा अर्थ सांगत बसावें, तसा हा प्रकार आहे.

२०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीनें हा खेळ घराघरांत नेला. तिचे उपकार मोठे आहेत. कबड्डी खेळून पोट भरतां येतें हें बापाला पटवून देण्याची सोय मुलाला प्रथमच झाली. तथापि तेथील झगमगाटाची नक्कल पेणच्या मैदानावर केल्यानें पेणचा खेळ सुधारत नाहीं. दूरचित्रवाणीवर चढाईपटूचा चेहरा जवळून दिसतो. येथें प्रेक्षक दोरीला टेकून उभा असतो; त्याला जवळिकीची उणीव नाहीं. उणीव आहे ती शांततेची.

मॅट कीं माती, ह्या वादांत आम्ही बहुतांशीं मॅटच्या बाजूचे आहों, ह्याचें कांहीं मित्रांस नवल वाटेल. देशाबाहेरचे व मोठे सामने मॅटवरच होतात. तेव्हां ज्यानें ती कधीं पायाखालीं घेतली नाहीं त्याला निवडीच्या वेळीं अडखळावें लागतें. मातीवर अनवाणी घसरत निदान रेषा ओलांडणारा गडी मॅटवर बूट घालून तेंच करूं गेला कीं त्याचा पाय जागच्या जागीं चिकटतो. हें अडखळणें केवळ हार-जितीचें नसतें. महाराष्ट्रांत शासकीय सेवेंत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत, आणि पात्रतेचें प्रमाणपत्र मोठ्या स्पर्धांतील कामगिरीवर अवलंबून असतें. धाटावच्या कारखान्यांत पाळी करून संध्याकाळीं सरावास येणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें एक चुकलेली पकड म्हणजे एक हुकलेली नोकरी असूं शकते. शेवटच्या दोन मिनिटांत असला गडी पंचाशीं कां भांडतो, हें खुर्चीवर बसून त्याला शिस्तीचे धडे देणाऱ्या पाहुण्यांनीं ध्यानांत घ्यावें. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. सरपंचाचा निर्णय तो निर्णय. पण ज्या उच्चारावर निर्णय द्यावयाचा तोच कर्ण्यांत बुडाला असेल, तर भांडणाचें मूळ गड्याच्या स्वभावांत शोधणें अन्यायाचें होईल.

दुसरी गोष्ट मुलींच्या सामन्यांची. २०१८ साली जकार्ता येथें भारताचे दोन्ही संघ इराणकडून हरले. पुरुष उपांत्य सामन्यांत, स्त्रिया अंतिम सामन्यांत, २४ विरुद्ध २७ गुणांनीं. त्या वेळीं आमच्याकडील चर्चा चालली ती पुरुषांच्या पराभवाचीच. इतक्या थोड्या गुणांनीं सुवर्णपदक कां गेलें, ह्याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. ह्या उदासीनतेचें मूळ पाहावयाचें असेल तर कोणत्याहि सामन्यांचें वेळापत्रक पाहावें. मुलींना दुपारचें ऊन, मुलांना सायंकाळचे दिवे. मुलींचा अंतिम सामना पाहुण्यांच्या आगमनापूर्वीं उरकलेला, आणि बक्षिसाची ढाल मात्र त्यांच्यासाठीं रात्रीं दहापर्यंत थांबलेली ! शेवटची गाडी चुकेल म्हणून मुली केव्हांच घरीं गेलेल्या असतात. ढाल शिक्षक घेतात.

आणि तरीहि ह्या हंगामांतील सर्वोत्तम खेळ आम्हांस दुपारींच पाहावयास मिळाला. निवेदक जेवावयास गेला होता, कर्णे बंद होते, बांकांवर पन्नाससुद्धां माणसें नव्हतीं. पिछाडीवर असलेल्या संघाची एक सडसडीत मुलगी मध्यरेषा ओलांडून आंत गेली. समोर सहा जणी होत्या. तिचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार आधीं खणखणीत, मग बारीक, मग नुसता घशांतल्या घशांत, असा कुंपणापर्यंत ऐकूं येत होता. तो बारीक होऊं लागतांच उजव्या कोपऱ्यांतली मुलगी पुढें सरकली. चढाई करणारीनें नेमका तिच्याच घोट्याला हात लावला, आणि मागून पडलेली मिठी सोडवून ती मध्यरेषेवर आडवी पडली. तिचा उच्चार तेव्हांहि चालू होता. पंचांनीं मान तिरपी करून तो ऐकला आणि मगच गुण दिला.