चहाचा विधि आणि हालतीं चित्रें

जपानी चहाविधीवर हातानें रेखाटलेल्या हालत्या चित्रांचा लघुपट काढावा, ही कल्पना प्रथमदर्शनीं मोहक वाटते. परंतु तींत एक मोठा पेंच आहे. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यानें या विधीला जें वळण दिलें, त्याचें मर्म संयमांत आहे. क्योतो प्रांतांत त्याच्या नांवावर असलेली 'ताइआन' ही चहाची खोली अवघ्या दोन चटयांची आहे. अशा ठिकाणीं यजमान भांडें पुसतो, पाणी ओततो आणि मध्यें क्षणभर थांबतो. खरा रस त्या थांबण्यांत आहे.

चित्रपटाची रीत नेमकी उलट. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. जिवंत मनुष्य स्वस्थ बसला तरी त्याचा श्वास जाणवतो. रेखाटलेला मनुष्य थांबला कीं केवळ कागद उरतो. या भीतीपोटीं चित्रकार पात्रांना उगीच हालवितो, वर फुलें उधळतो, आणि विधीचा तमाशा होतो.

आमच्या मतें मनुष्य स्थिर ठेवून भोंवतालचें जग जागें ठेवावें: आधणाचा नाद, वाफ, भिंतीवर सरकणारें ऊन. शांघायच्या चित्रसंस्थेंत ते वेइ प्रभृतींनीं १९८८ सालीं काढलेला 'शान शुइ छिंग' याची साक्ष देतो. त्याचा विषय चहा नव्हे. एक वृद्ध वादक आणि त्याजजवळ शिकणारें मूल, एवढीच कथा. संवाद एकहि नाहीं. तरी शाईच्या ओल्या छटा व कोरा राखलेला कागद यांतून धुकें आणि पाणी साक्षात् उभीं राहतात. कागद कोरा ठेवण्याचें हें धैर्य ज्याच्या अंगीं असेल, त्यानेंच चहाची वाटी रेखाटावयास घ्यावी.