अभिप्रायासाठी दोन पानं कोरी

सायक्लोस्टाइलचे कागद जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घातलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले होते, आणि ते आमच्या चाळीच्या मालकानं भाडेकरूंवर लावलेल्या खटल्यातले होते. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं बॅगेतून एक पुस्तक काढून, "मामा, हे खास तुझ्यासाठी," असं म्हटलं, तेव्हा माझा हात आधी वकिलाच्या नंबराकडे गेला. पुस्तकाचं नाव 'द बेस्ट ऑफ झीरो'. प्रकाशन २००४ सालचं. आतला मजकूर मात्र १९६० ते १९६३ मधला.

भाच्यानं हे पुस्तक मलाच का आणलं, ह्याला कारण आहे. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात, पंगत बसायच्या आधी आणि बसल्यानंतरही, मी एक गोष्ट सांगतो. आम्ही पोरांनी १९६७ साली चाळीच्या गणपतीत 'वेताळ विशेषांक' नावाचं हस्तलिखित कसं काढलं, त्याची. ही गोष्ट भाच्यानं इतक्यांदा ऐकली आहे की मी मध्येच अडखळलो तर तो पुढचं वाक्य पुरवतो. त्याला वाटलं असावं, मामाला त्याच्याच जातीचे दुसरे लोक दाखवले तर मामा जरा थंड होईल.

तर हे 'झीरो'. न्यूयॉर्कचं एक तरुण जोडपं, पॅट आणि डिक लुपॉफ. ह्या नवरा-बायकोनं घरच्या घरी स्टेन्सिल कापून दहा अंक काढले. अशा अंकाला तिकडे फॅनझिन म्हणतात. हा शब्द १९४० सालचा. चाहत्यांनी चाहत्यांसाठी, पदरमोड करून काढलेलं नियतकालिक, असा त्याचा अर्थ. त्यातलं 'नियत' आपण सोडून द्यावं, कारण ही मासिकं संपादकाची परीक्षा, पगार आणि प्रकृती पाहून निघत. वर्गणीची व्यवस्थाही मजेदार. पंचवीस सेंटचं नाणं पुठ्ठ्याला चिकटवून पाकिटातून पाठवायचं, किंवा मागच्या अंकावर लांबलचक पत्र लिहायचं. पत्र लिहिलं की अंक फुकट. मला ही दुसरी व्यवस्था फार आवडली. आपल्याकडे वाचकाला लिहायला लावून वर त्याच्याकडूनच वर्गणी घेतात.

'झीरो'चा पहिला अंक १९६० सालच्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या विज्ञानकथा संमेलनात वाटला गेला. त्या संमेलनाला लुपॉफ पती-पत्नी कॅप्टन मार्व्हल आणि मेरी मार्व्हल ह्यांच्या वेषात गेले होते. (आपल्या साहित्य संमेलनाला शाल सोडून दुसरा वेष चालत नाही, हे सांगायला नकोच.) अंकात डिकसाहेबांनी ह्याच कॅप्टन मार्व्हलवर लेख लिहिला, आणि 'ऑल इन कलर फॉर अ डाइम' ह्या लेखमालेची सुरुवात झाली. डाइम म्हणजे दहा सेंट, त्या काळची कॉमिकची किंमत. दर अंकात कुणीतरी उठून आपल्या लहानपणीच्या एखाद्या नायकावर लिहायचं. पुढे १९७० साली त्या मालेचं पुस्तकही झालं.

आता ह्यातली गंमत पाहा. कॅप्टन मार्व्हलची कॉमिक्स १९५३ साली बंद पडली. सुपरमॅनवाल्यांनी नकलेचा दावा लावला होता, तो वर्षानुवर्षं चालला, शेवटी प्रकाशकानं दुकान आवरलं. म्हणजे १९६० साली हे गृहस्थ उण्यापुऱ्या सात वर्षांपूर्वी गेलेल्या नायकासाठी गहिवरत होते. डिक लुपॉफ तेव्हा पंचवीस वर्षांचे! पंचविशीतला माणूस आठव्या वर्षाच्या आठवणी काढतो, ते आम्ही पुस्तकरूपानं वाचतो आणि सत्तरीत त्या पंचविशीसाठी उसासे टाकतो. स्मरणरंजनाचा हा धंदा असा सावकारी आहे. व्याजावर व्याज.

खरं सांगायचं तर लेख म्हणून ह्यातलं सगळंच काही उत्तम नाही. तीन पानांत आटपेल ते नऊ पानांत पसरवायचं, ही हौशी लेखकाची खोड सगळ्या देशांत सारखीच. स्टेन्सिल कापायला बसलेल्याला मध्येच थांबता येत नसावं. पण काही मजकूर असा आहे की आजही चटका बसतो. डोनाल्ड वेस्टलेक हे पुढे रहस्यकथाकार म्हणून नावाजले. त्यांनी 'झीरो'त विज्ञानकथेला जाहीर रामराम ठोकला. ह्यात पैसे नाहीत आणि ह्या संपादकांसाठी चांगलं लिहिण्यात अर्थ नाही, असं नावानिशी सांगून टाकलं. त्यावर पत्रं यायला लागली. ती वाचताना चाळीच्या सार्वजनिक नळावर उभं असल्यासारखं वाटतं. सगळे एकमेकांना ओळखतात आणि कुणीच आवाज खाली करत नाही. चाहते म्हटलं की गळ्यात गळे, असं जे चित्र आपण रंगवतो ना, त्याला ह्या पत्रांत कुठेही आधार सापडत नाही.

पुस्तकाची प्रस्तावना सिनेसमीक्षक रॉजर एबर्ट ह्यांची. तेही पोरसवदा वयात ह्या फॅनझिनवाल्यांतलेच. त्या पानांवर पोस्टमनची वाट पाहणारा मुलगा दिसतो, आणि म्हणूनच माझी खरी तक्रार तिथे सुरू होते. पुस्तक सुरेख आहे, बांधणी सुरेख आहे. फक्त त्याला उत्तर पाठवता येत नाही. फॅनझिनचा अर्धा जीव वाचकाच्या उत्तरात असे. अंक म्हणजे अर्धवट वाक्य, ते पुढच्या अंकातल्या पत्रांनी पुरं व्हायचं. बांधीव पुस्तकात पुढचा अंक नसतो. मी रात्री दीड वाजता वेस्टलेकसाहेबांना तावातावानं दोन मुद्दे सुनावले. ऐकायला फक्त आमच्या घरातलीच माणसं होती, आणि त्यांनी दिवा बंद करायला सांगितलं.

ह्याच सुमारास डेट्रॉइटला जेरी बेल्स नावाचे प्राध्यापक असाच उद्योग करत होते. १९५१ साली बंद पडलेल्या 'ऑल-स्टार कॉमिक्स'चे जुने अंक ते गोळा करायचे. ते लिहिणारे गार्डनर फॉक्स ह्यांनी आपल्याकडचे अंक त्यांना विकले होते. मग मिसुरीतल्या रॉय थॉमस ह्या तरुणानं फॉक्सना विचारलं, "जुने अंक आहेत का?" फॉक्सनी बेल्सचा पत्ता दिला. एवढ्याशा पत्त्यावर १९६१ च्या मार्चमध्ये 'ऑल्टर इगो'चा पहिला अंक निघाला. तो स्टेन्सिलचा नव्हता, स्पिरिटवर चालणाऱ्या यंत्राचा होता. त्यात मूळ कागदाच्या पाठीवरचा जांभळा रंग स्पिरिटनं थोडा थोडा विरघळून दर प्रतीवर उतरतो. पहिल्या प्रती ठसठशीत, मग रंग संपत जातो, आणि यादीत शेवटी नाव असलेल्या गरिबाला जवळजवळ कोरे कागद मिळतात. रॉय थॉमसनी त्या अंकात एका सुपरहीरो मंडळाचं झकास विडंबन केलं होतं. पुढे हेच गृहस्थ १९६५ साली मार्व्हल कंपनीत गेले आणि १९७२ मध्ये स्टॅन ली ह्यांच्या जागेवर मुख्य संपादक झाले. घरचा जांभळा रंग असा कामी आला.

आमचा अंकही जांभळा होता. कारण वेगळं होतं. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू झालं आणि वेताळ आमच्या चाळीत राहायला आला. त्याचा पोशाख जांभळा. आमच्या चित्रकाराच्या रंगपेटीत जांभळा नव्हता. लाल-निळा मिसळून जो झाला तो वांग्याच्या भाजीकडे झुकत होता. शेवटी त्यानं घरातली जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली आणली. रंग अव्वल आला. फक्त पान उलटलं की वेताळ पाठीमागच्या संपादकीयात उतरलेला दिसायचा, आणि अंकाला अखेरपर्यंत दवाखान्याचा वास होता.

फुलस्केप कागद, दाभण, सुतळी आणि एकच प्रत. अक्षर ताईचं. ती तेव्हा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला. अभ्यास सोडून तिनं छत्तीस पानं लिहून काढली. मुखपृष्ठावर मात्र 'संपादक, प्रकाशक व मुद्रक' ह्यापुढे माझं एकट्याचं नाव. 'झीरो'वर पॅट लुपॉफ ह्यांचं नाव आहे. 'कॉमिक आर्ट' हे फॅनझिनही डॉन आणि मॅगी थॉम्पसन अशा दोघांच्या नावानं निघायचं. हे मी भाच्याला कौतुकानं सांगत होतो. भाचा ताईचाच मुलगा. त्यानं नुसतं "हं" केलं.

अंकातला प्रमुख लेख माझा, 'डेंकालीचा भूगोल'. वेताळाचा देश डेंकाली कुठे आहे, हे मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातून शोधायला निघालो होतो. झांझीबारपासून सुरुवात करून आफ्रिका दोनदा पालथी घातली आणि शेवटी देश छोटा असल्यामुळे छापला नसावा, असा निष्कर्ष काढला. पुढे फार वर्षांनी कळलं, ली फॉक ह्यांच्या मूळ कथांत तो देश बंगाला. आपल्या वाचकांना बंगाल वाटू नये म्हणून इथल्या प्रकाशकांनी नाव बदललं होतं. संशोधन माझं चुकलं, पण चिकाटी पीएचडीची होती.

अंक मांडवातल्या टेबलावर ठेवला, पेन्सिल दोऱ्यानं बांधली, आणि शेवटची दोन पानं अभिप्रायासाठी कोरी सोडली. पहिला अभिप्राय तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांचा. कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात, असं ते जिन्यात उभं राहून सांगत असत. त्यांनी सबंध अंक वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बेचाळीस चुका पानवार लिहून ठेवल्या. खाली एकच शब्द, 'प्रयत्न स्तुत्य'. (हे दोन शब्द झाले, पण अण्णा जोडूनच लिहीत.) न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडरिक वर्थम असेच. १९५४ साली त्यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' लिहून कॉमिक्सवर असा घणाघात केला की त्या वर्षी तिथल्या प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. आणि ह्याच वर्थमनी १९७३ साली 'द वर्ल्ड ऑफ फॅनझिन्स' नावाचं पुस्तक लिहून पोरांच्या ह्या घरगुती मासिकांची वाखाणणी केली! दुकानाचा नफा नाही, वरून हुकूम नाही, माणसं आपण होऊन एकमेकांशी बोलताहेत, हे त्यांना भावलं. चाहत्यांनी त्यांना क्षमा केली नाही ती नाहीच. मला मात्र वाटतं, ह्या विषयावर शत्रूनं जेवढं नेमकं ओळखलं तेवढं आम्हा भक्तांना कधी जमलं नाही.

लग्नातली माझी गोष्ट इथे संपते. "मग चाळ पांगली, अंक बंद पडला," असं म्हणून मी पाण्याचा पेला उचलतो. पुस्तक वाचून झाल्यावर का कोण जाणे, त्या अंकाचं पुढे काय झालं हे शोधावंसं वाटलं. प्रत एकच, म्हणून एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष चित्रकाराकडे, असा करार होता. १९६९ साली त्याचं बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं तेव्हा पाळी त्याची होती. चार फोन केले, सापडला.

"अरे, आहे ना. ट्रंकेत आहे. ये की रविवारी."

गेलो. वहिनींनी पोहे आणले. त्यानं अंक माझ्यापुढे ठेवला. वास गेला होता, जांभळा मात्र जसाच्या तसा. मी सरळ शेवटची पानं उघडली. अण्णांच्या चुका, दोन-तीन 'छान', आणि खाली माझं अक्षर. अंकाचा संपादक मी, तरी अभिप्रायाचा हक्क मी सोडला नव्हता. 'चित्रे कच्ची आहेत. मुखपृष्ठावरील घोड्यास पाच पाय आहेत. पाचवी शेपटी असल्यास तसे खाली लिहावे.' पुढे सही, पूर्ण नावाची, लफ्फेदार.

मांडवात सगळ्या चाळीनं हे वाचलं असणार. मला ह्यातलं काही आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत मी त्याच्या घोड्याची वाहवा केली होती. लग्नात सांगतोही तसंच.

"पुढच्या वर्षी तू चित्रं दिली नाहीस," मी म्हटलं.

"नाही दिली."

"म्हणून अंक निघाला नाही?"

"आता ते कशाला," तो म्हणाला. मग अंक स्वतःकडे ओढून घेत, "अरे, तो पाचवा पाय नव्हे. घोडा धावतोय. धावताना एक पाय दोनदा काढायचा. पहिला जरा फिका. म्हणजे हलल्यासारखा दिसतो. औषध फिकं होईना, त्याला मी काय करू?"

मी बघितलं. घोडा खरोखरच धावत होता. छत्तीस पानांत तेवढी एकच गोष्ट हलत होती. बाकी सगळा डेंकालीचा भूगोल.

माझ्या अभिप्रायाखाली दीड पान अजून कोरं होतं. त्यानं खिशातलं बॉलपेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि तो आत चहाचं सांगायला गेला. मी तारीख घातली. 'घोडा' एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द शोधत बसलो. वहिनींनी येऊन पोह्यांची बशी दुसऱ्यांदा गरम करायला नेली.