एक राक्षस, चाळीस कारकून

नाटक पडलं की त्यावर चार कॉलम छापून येतात, कादंबरी पडली की परिसंवाद भरतो. पण लाखो माणसं रात्र-रात्र जागून जो खेळ खेळतात, त्यावर घरच्या मंडळींखेरीज कुणी अभिप्राय देत नाही, आणि तो छापण्याजोगा नसतो. तेव्हा हे समीक्षेचं काम बी. कॉम. झालेल्या, बँकेत कॅश सांभाळणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या इसमाला करावं लागत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावं.

खेळाचं नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली काढला. देशोदेशींची माणसं एका काल्पनिक मुलखात जमतात, राक्षस मारतात आणि राक्षसाजवळ सापडलेली विजार कुणी घ्यायची यावरून भांडतात. आत शिरताना योद्धा, मांत्रिक, पुरोहित, शिकारी असा एक 'क्लास' निवडावा लागतो. मी त्याला पेशा म्हणतो, कारण एकदा पत्करला की बदलता येत नाही. आरंभी असे नऊ पेशे होते.

या खेळातला कुणीही जुना खेळाडू भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आता काही राम राहिला नाही हो, सगळं सोपं करून टाकलंय!" हेच वाक्य मी आमच्या पेन्शनर मंडळींकडून लेजरबद्दल ऐकतो. पण खातं तपासल्याशिवाय शिल्लक कबूल करायची नाही, अशी आम्हांला शिकवण आहे. तेव्हा तपासून पाहू.

पहिली नोंद मरणाची. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात मेलात की कमावलेला अनुभव वजा व्हायचा, सामान प्रेतापाशी राहायचं, आणि ते आणायला उघड्या अंगाने त्याच राक्षसाच्या दारात जावं लागायचं. वॉरक्राफ्टमध्ये आपलं भूत चालत आपल्या देहापाशी जातं आणि पुन्हा उभं राहतं. चिलखताच्या दुरुस्तीचं बिल तेवढं भरायचं. म्हणजे 'सोपं केलं' ही ओरड जन्मापासूनची आहे.

दुसरी नोंद विश्रांतीची. चाचणीच्या काळात असा नियम होता की फार वेळ खेळलं की मिळणारा अनुभव निम्मा. खेळाडू खवळले. कंपनीने काय केलं? निम्म्याला 'नेहमीचा' म्हटलं आणि पूर्वीच्या नेहमीच्याला 'विश्रांती घेतलेल्यांसाठी दुप्पट'. हिशेब जवळपास तोच, पण लोक खूश! उशिरा भरल्यास दंड आणि वेळेवर भरल्यास सूट यांतला फरक शिकायला मला कॉमर्सची चार वर्षं लागली होती. फायदा झाला तो रात्री तासभर येणाऱ्या नोकरदाराचा. झोपून आलेल्याला बोनस देणारी दुसरी संस्था निदान माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी नोंद पेशांची. पूर्वी शिकाऱ्याला बाण विकत घ्यावे लागत, पाळलेल्या जनावराला खाऊ घालावं लागे, नाही तर ते रुसे. काळी जादू करणाऱ्याला पिशवीभर आत्म्यांचे तुकडे वाहावे लागत. धर्मयोद्धा पहिल्या दिवसांत एकेकाला आशीर्वाद देत फिरे. चाळिसावा गाठेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. बाण, खाऊ, तुकडे ही भानगड २०१०-११ मध्ये गेली आणि जुनी मंडळी हळहळली. पण मला सांगा, ही काय मर्दुमकी होती? ही तर स्टेशनरीची इन्व्हेंटरी!

'मोल्टन कोअर' या गाजलेल्या गुहेत चाळीस जण लागत. तिथले राक्षस आगीतलेच, त्यांना आगीचं काय? म्हणून मांत्रिक रात्रभर बर्फाचा एकच बाण मारीत बसे. दिवसभर एकच शिक्का मारण्याला आमच्याकडे कठीण काम म्हणत नाहीत. कठीण होतं ते चाळीस माणसं वेळेवर जमवणं आणि जेवणाची हाक आल्यावरही त्यांना बसवून ठेवणं. पुरावा पाहा: २०१९ मध्ये कंपनीने जुनाच खेळ पुन्हा सुरू केला, तर या गुहेचा धनी रॅग्नारोस पहिल्या आठवड्यातच पडला. उलट २०१४ पासून वीस जणांची जी 'मिथिक' पातळी आहे, ती भल्याभल्यांना घाम फोडते. तळाशी खेळ सोपा झाला, टोकाला अवघड झाला. मधल्या जिन्याला कठडा लावला. २०२५ मध्ये तर एकच बटण दाबत राहण्याची सोय आली. वेग थोडा कमी मिळतो. आखडलेल्या बोटांच्या माणसाने तेवढं व्याज आनंदाने भरावं.

मग तूट आहे कुठे? आहे, पण ती दुसऱ्याच खात्यात. पूर्वी चौकात उभं राहून "एक पुरोहित पाहिजे हो!" असं ओरडावं लागे. पुरोहित मिळे, ओळख होई, दुसऱ्या दिवशी तो नावाने हाक मारी. वाईट वागलात तर गावभर बोभाटा. डिसेंबर २००९ मध्ये यंत्राने माणसं जुळवायला सुरुवात केली. आता बटण दाबलं की भलत्याच गावचे चार अनोळखी हजर. राक्षस मारतात, विजार घेतात आणि नमस्कारही न करता नाहीसे होतात. एटीएम आलं तेव्हा माझं काम हलकं झालं, खोटं कशाला बोलू? पण "काय साहेब, मुलगी कितवीत?" असं काउंटरपलीकडून विचारणारेही कमी झाले. कष्ट काढून टाकावेत, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्याच झाडूने एकमेकांची गरजही झाडली गेली, याची नोंद कुठल्याही ताळेबंदात सापडत नाही. सोपेपणाची किंमत अवघडपणात मोजणाऱ्यांची हीच गल्लत होते.

माझा पेशा म्हणाल तर पुरोहिताचा, म्हणजे इतरांच्या जखमा भरण्याचा. पाचही जण जगले तर कुणी आभार मानीत नाही. एक मेला की बाकीचे तिघे जाब विचारतात. कॅशियरला यात नवं काही नाही. फक्त इथली तूट पगारातून कापली जात नाही, एवढं सुख आहे.