‘अंगणवाडी’ : एका संज्ञेचा अर्थविचार (शेवगाव तालुक्याच्या संदर्भात)

बालशिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला दिलेल्या संज्ञांपैकी ‘अंगणवाडी’ ही सर्वांत यशस्वी संज्ञा होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द शासकीय परिभाषेत शिरून देशभर रूढ झाला. परंतु संज्ञा सर्वत्र पोचली म्हणजे तिच्यामागील कल्पनाही पोचली, असे मानता येत नाही. शब्दाचा प्रसार होत असताना त्याच्या अर्थाचा संकोच होणे ही भाषेतील नित्याची घटना आहे. ‘अंगणवाडी’च्या बाबतीत तसेच घडले आहे, आणि त्याची किंमत तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना मोजावी लागत आहे.

प्रथम संज्ञेची पूर्वपीठिका पाहावयास हवी. गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० साली सुरू केलेल्या प्रयोगामुळे ‘बालमंदिर’ हा शब्द प्रतिष्ठित झाला. या प्रयोगात त्यांच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. उपेक्षित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असा अनुभव आल्यावर बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली.

या संज्ञांची रचना अर्थपूर्ण आहे. ‘मंदिर’ आपल्या जागी स्थिर असते. तेथे भक्ताने जावयाचे असते. ‘अंगण’ आणि ‘कुरण’ ही मुलाची स्थाने आहेत. तेथे शिक्षकाने जावयाचे असते. म्हणजे या समासांतील पहिले पद केवळ जागा सांगत नाही, तर जाण्यायेण्याची दिशा सांगते. मूल जेथे आहे तेथे शिक्षण, हा या घडणीचा गाभा आहे.

आजच्या प्रयोगात मात्र ही दिशा उलटलेली दिसते. ‘मूल अंगणवाडीत जाते’, ‘अंगणवाडीची इमारत’, ‘अंगणवाडीचा खाऊ’ हे आज सहज होणारे प्रयोग आहेत. अंगणवाडी अंगणातून उठून इमारतीत गेली, याची नोंद भाषेने शब्दसंबंधांत बिनचूक करून ठेवली आहे. योजनेच्या सहा सेवांत अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणाचा समावेश असला, तरी लोकांच्या तोंडी तिची ओळख मुख्यतः आहाराची राहिली, हा अर्थसंकोचाचा दुसरा पदर होय.

स्थिर वस्तीच्या गावात हा अर्थपालट फारसा जाचत नाही. तो जाचतो शेवगावसारख्या तालुक्यात. पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या तालुक्याचा एक भाग जायकवाडीच्या जलाशयाला लागून आहे, तर दुसरा कोरडवाहू आहे. या कोरडवाहू पट्ट्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. धाकटी मुले आईबापांबरोबर कोपीवर जातात. हंगाम सुमारे पाच-सहा महिन्यांचा धरला, तर पूर्वप्राथमिक वयाच्या तीन वर्षांपैकी जवळजवळ निम्मा काळ हे मूल गावाच्या अंगणवाडीबाहेर काढते. पटावर नाव गावात, मूल फडात आणि अंगण कोपीपुढे, अशी ही फाळणी आहे.

धोरणग्रंथांची भाषा या फाळणीबाबत पुरेशी सावध नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे पहिले प्रकरण बालशिक्षणाला वाहिलेले आहे, ही गोष्ट स्वागतार्हच होय. २०३० पर्यंत दर्जेदार बालशिक्षण सार्वत्रिक करण्याचे ध्येय त्यात सांगितले आहे. परंतु स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी पर्यायी केंद्रांचा विचार येतो तो तिसऱ्या प्रकरणात, गळतीच्या संदर्भात. ज्या मुलाचा प्रवेशच नीट झाला नाही, त्याला प्रथम गळतीच्या रकान्यात भेटणे हा वर्गीकरणाचा दोष होय.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये दिलेल्या आदेशाने सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. हा आदेश मूळ अर्थाच्या पुष्कळच जवळ जातो. तथापि कोप्यांच्या तळाच्या दृष्टीने पाहता, तीन महिन्यांची ही मुदत अर्धा हंगाम खाऊन टाकते. शिवाय मागणी करावयास गावकीतील पत लागते. परगावच्या टोळीला ती नसते.

यावर असा आक्षेप संभवतो की, लस, धान्य व नोंदी यांसाठी स्थिर केंद्र अपरिहार्य आहे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो आरोग्य व आहार या सेवांना जितका लागू पडतो, तितका शिक्षणाला पडत नाही. गाणे, गोष्ट, माती, खडे यांना कोठार लागत नाही. प्रशिक्षित आणि योग्य वेतन मिळणारी बाई लागते. तिने मुलांची बोली जाणणेही तितकेच आवश्यक आहे. टोळी कर्नाटकातील कारखान्यावर गेली, तर तेथील अंगणवाडीचे दार उघडे असूनही शेवगावच्या मुलाला तिची भाषा बंदच राहते. टोळीबरोबर गावचीच सेविका वा मदतनीस हंगामापुरती पाठविणे हा उपाय खर्चिक खरा, पण संज्ञेशी इमान राखणारा आहे.

सारांश, बालशिक्षणाच्या उपलब्धतेचे मोजमाप केंद्रांच्या संख्येने करणे अपुरे आहे. कोण कोणाकडे चालत गेले, हाच त्याचा खरा निकष होय. तो निकष बोर्डीने एका शब्दात सांगून ठेवला आहे. शेवगावचे मूल त्या शब्दाच्या पूर्ततेची वाट कोपीपुढच्या अंगणात पाहत आहे.