ग्रंथांचा सौदा आणि न्यायासन

न्यायालयाचें निकालपत्र हा वाङ्मयविषयक मासिकांत परीक्षणाचा विषय होऊं शकतो काय, असें कोणी विचारल्यास त्याचें उत्तर त्या निकालपत्राच्या विषयावरच अवलंबून राहील. अमेरिकेंत कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय न्यायालयांत न्यायाधीश फ्लॉरेन्स पॅन यांनीं ३१ ऑक्टोबर २०२२ रोजीं एका खटल्याचा निर्णय दिला व त्याचें सविस्तर निकालपत्र पुढच्याच आठवड्यांत प्रसिद्ध झालें. ग्रंथाची किंमत कोण ठरवितो, लेखकास आपल्या श्रमाचा मोबदला मिळण्यास बाजाराची कोणती स्थिति अवश्य असते, आणि मोठा प्रकाशक अधिक मोठा झाल्यास हानि नेमकी कोणाची होते, या प्रश्नांचा त्यांत केलेला ऊहापोह कोणत्याहि ग्रंथप्रेमी कुटुंबानें वाचण्याजोगा आहे. मक्तेदारीविरोधी कायद्याचीं निकालपत्रें बहुधा तेल, लोखंड, आगगाड्या किंवा संगणक यांच्या संबंधानें लिहिलीं जातात. ग्रंथकारांविषयीं लिहिलेलें असें निकालपत्र विरळा. म्हणूनच त्याचे गुण व त्याच्या मर्यादा दोन्ही निरखून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम खटल्याची हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या ग्रंथव्यवसायांत पेंग्विन रँडम हाउस, हार्पर कॉलिन्स, सायमन अँड शुस्टर, हॅशेट व मॅकमिलन या पांच संस्थांस 'बडे पांच' असें म्हणतात. त्यांतील पहिली सर्वांत मोठी. पेंग्विन व रँडम हाउस या दोन स्वतंत्र संस्था २०१३ सालीं एकत्र होऊन ती निर्माण झाली, व आज ती बर्टल्समान या जर्मन कंपनीच्या मालकीची आहे. या संस्थेनें नोव्हेंबर २०२० मध्यें सायमन अँड शुस्टर ही तिसरी संस्था २१७ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेण्याचा करार केला. अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यानें नोव्हेंबर २०२१ मध्यें या कराराविरुद्ध फिर्याद केली. ऑगस्ट २०२२ मध्यें सुमारें तीन आठवडे सुनावणी चालली. आणि शेवटीं न्यायालयानें हें एकीकरण मना केलें. बर्टल्समानची इच्छा अपील करण्याची होती, परंतु विकणाऱ्या पॅरामाउंट कंपनीनें कराराची मुदत वाढवून दिली नाहीं, आणि ठरल्याप्रमाणें वीस कोटी डॉलरांची भरपाई देऊन पेंग्विन रँडम हाउसला मागें सरावें लागलें.

आतां या निकालांतील नावीन्य कशांत आहे तें पाहूं. मक्तेदारी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें नाडलेला गिऱ्हाईक उभा राहतो. एकच दुकानदार गांवांत उरला, त्यानें भाव चढविला, आणि गरजवंतास तो मुकाट्यानें द्यावा लागला, हें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. या खटल्यांत मात्र वाचकास पुस्तक महाग पडेल ही सरकारची मुख्य तक्रार नव्हती. तक्रार लेखकाच्या बाजूनें होती. लेखक हा येथें विकणारा आहे, आणि प्रकाशक हा विकत घेणारा. विकत घेणारेच थोडे उरले, तर विकणाऱ्यास मिळेल त्या भावांत आपला माल सोडावा लागतो. अर्थशास्त्रांत या स्थितीस 'मोनॉप्सनी' असें नांव आहे. जोन रॉबिन्सन या केंब्रिजच्या विदुषीनें 'अपूर्ण स्पर्धेचें अर्थशास्त्र' या १९३३ सालच्या आपल्या ग्रंथांत हा शब्द रूढ केला, आणि तो घडविण्यास तिला हॉलवर्ड नांवाच्या एका ग्रीकज्ञ पंडितानें साह्य केलें. आपण त्यास 'खरेदीची मक्तेदारी' म्हणूं.

शब्द नवा असला तरी विचार आपणांस अगदींच परका नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत व्यापाऱ्यांच्या संगनमताविषयीं दोन निरनिराळीं वचनें लागोपाठ आलेलीं आहेत. माल अडवून ठेवून किंवा अवाच्या सवा भावानें विकून लोकांस नाडणाऱ्या व्यापाऱ्यांस दंड सांगणारें एक. आणि चालू भाव ठाऊक असूनहि कारू व शिल्पी यांस बाधक होईल असा भाव एकजुटीनें ठरविणाऱ्यांस दंड सांगणारें दुसरें. दोहोंचा दंड सारखाच, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा. विकत घेणाऱ्याचें रक्षण आणि घडविणाऱ्याचें रक्षण हीं एकाच धर्माचीं दोन अंगें आहेत, असें स्मृतिकारास वाटत होतें असाच याचा अर्थ होतो. अमेरिकेंत १८९० चा शर्मन कायदा व १९१४ चा क्लेटन कायदा यांच्या शब्दांत हें दुसरें अंग सामावलेलें होतेंच; परंतु त्याच्या आधारें कंपन्यांचें एकीकरण रोखल्याचीं उदाहरणें थोडीं. पॅनबाईंचें निकालपत्र या उणिवेची भरपाई करतें, हें त्याचें पहिलें श्रेय.

दुसरें श्रेय त्यांतील विवेचनपद्धतीचें. कोणत्याहि अशा खटल्यांत 'बाजार' कोणता, हें आधीं ठरवावें लागतें. सरकारनें सर्व ग्रंथांचा बाजार न धरतां, ज्या ग्रंथांचा मोठा खप होईल असें खरेदीच्या वेळीं अपेक्षित असतें, तेवढ्यांच्याच प्रकाशनहक्कांच्या बाजारावर भर दिला, आणि त्यांची खूण म्हणून अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम ही मर्यादा घातली. असे ग्रंथ एकंदर ग्रंथांच्या शेंकडा दोनच; परंतु प्रकाशक लेखकांस जी आगाऊ रक्कम देतात तिच्यांतील शेंकडा सत्तर भाग त्यांच्याकडे जातो. या बाजारांत बड्या पांचांचा वांटा शेंकडा ९१. पेंग्विन रँडम हाउसचा एकटीचा ३७ व सायमन अँड शुस्टरचा १२. म्हणजे एकीकरणानंतर निम्मा बाजार एकाच घरांत गेला असता. प्रतिवादींचें म्हणणें असें कीं, अडीच लाखांची ही रेघ मनःकल्पित आहे. धंद्यांत अशा ग्रंथांचा निराळा वर्ग कोणी मानीत नाहीं. यावर न्यायाधीशांचा अभिप्राय समंजस आहे. रेघ थोडी वर किंवा खालीं ओढली तरी चित्र पालटत नाहीं. आणि ज्यांच्या ग्रंथांस मोठी जाहिरात, मोठी वितरणव्यवस्था व नांवाजलेलें प्रकाशनगृह लागतें, अशा लेखकांची गरज खरोखरच निराळी असते. वर्गास रूढ नांव नाहीं म्हणून वर्गच नाहीं, असें म्हणतां येत नाहीं.

साक्षींचा भाग वाचतांना मात्र एखादें प्रहसन वाचल्याचा भास होतो. स्टीफन किंग हे सुप्रसिद्ध कादंबरीकार सरकारतर्फें साक्षीस आले. त्यांचे ग्रंथ सायमन अँड शुस्टरच प्रसिद्ध करीत असल्यामुळें ते आपल्याच प्रकाशकाच्या सौद्याविरुद्ध बोलत होते. एकाच मालकीचीं दोन प्रकाशनगृहें आपसांत चढाओढ करतील हें म्हणणें, नवऱ्यानें व बायकोनें एकाच घरासाठीं परस्परांविरुद्ध बोली चढविण्यासारखें आहे, अशा आशयाचा टोला त्यांनीं मारला. हा टोला उगाच नव्हता. पेंग्विन रँडम हाउसचे तेव्हांचे मुख्याधिकारी मार्कस डोल यांनीं लेखकांच्या मध्यस्थांस जाहीर वचन दिलें होतें कीं, एकीकरणानंतरहि सायमन अँड शुस्टरच्या शाखांस आमच्या इतर शाखांविरुद्ध बोली करण्याची मोकळीक राहील. न्यायालयानें हें वचन मानलें नाहीं, व आमच्या मतें योग्यच केलें. जें वचन कोणासहि न्यायालयांतून वसूल करून घेतां येत नाहीं, देणारा वाटेल तेव्हां जें परत घेऊं शकतो, आणि जें पाळण्यांत देणाऱ्याचाच तोटा आहे, त्याच्या भरंवशावर एका संबंध व्यवसायाचें भवितव्य सोंपविणें हें न्यायासनाचें काम नव्हे.

याच डोलसाहेबांनीं साक्षींत असेंहि सांगितलें कीं, ग्रंथव्यवसायांत सर्व कांहीं यदृच्छेनें घडतें. कोणता ग्रंथ खपेल हें आधीं कोणालाच कळत नाहीं. 'रँडम' या शब्दावर त्यांनीं कोटीहि केली. विधान रसिकांस पटण्यासारखें आहे, पण त्यांच्याच बाजूस तें घातक आहे. यशापयश जर निव्वळ दैवाधीन असेल, तर एका हस्तलिखितास दहा हजार व दुसऱ्यास दहा लाख डॉलर देणारा प्रकाशक वेडा ठरेल. प्रकाशक वेडे नाहींत. ते आडाखे बांधतात, खपाचे अंदाज मांडतात, आणि आगाऊ रक्कम त्या अंदाजाच्या प्रमाणांत ठरते. न्यायाधीशांनीं साक्षींतील वाक्चातुर्यापेक्षां कंपन्यांच्या नित्याच्या कागदपत्रांवर व लिलावांच्या आंकड्यांवर भर दिला. त्यांनीं या धंद्याचा इतिहासहि विसरूं दिला नाहीं. विद्युत्-पुस्तकांच्या किंमती ठरविण्याच्या कामीं अ‍ॅपल कंपनीशीं संगनमत केल्याबद्दल २०१२ सालीं ज्या पांच बड्या प्रकाशकांवर सरकारनें फिर्याद केली, त्यांत पेंग्विन व सायमन अँड शुस्टर हीं दोन्ही नांवें होतीं. पांचांचे चार झाल्यावर संगनमत अधिक सोपें होईल, हें अनुमान या पूर्ववृत्तावरून सहज निघतें.

येथवर आम्ही या निकालपत्राची बाजू घेतली. आतां त्याच्या मर्यादांकडे वळूं.

ज्यांस अडीच लाख डॉलर मिळतात त्यांस संरक्षण कशाला, असा आक्षेप कित्येक वाचक घेतील. तो आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. अन्याय धनिकावर झाला म्हणून तो न्याय होत नाहीं. शिवाय अनेक वर्षांच्या लेखनाबद्दल ही रक्कम हप्त्याहप्त्यांनीं मिळते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती वाटते तितकी अफाट राहत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. मान्यवर लेखकास प्रकाशकांची संख्या घटल्यानें होणारी हानि ही बोलीची हानि असते. दोघांऐवजीं एकच गिऱ्हाईक आल्यानें त्यास कमी पैसे मिळतात. पण ज्याच्या ग्रंथाविषयीं कोणाचीच अपेक्षा नाहीं, त्या नवख्या लेखकास पैशाची नव्हे, दाराची हानि सोसावी लागते. चार घरांनीं साभार परत केलेलें हस्तलिखित पांचव्या घरांत कोणी विक्षिप्त संपादक आवडीनें ठेवून घेतो, आणि वाङ्मयांत जें नवें येतें तें पुष्कळदां याच पांचव्या दारानें येतें. या हानीची किंमत डॉलरांत मांडतां येत नाहीं. म्हणून ती सरकारच्या मांडणीच्या केंद्रस्थानीं आली नाहीं, आणि जी मांडली गेली नाहीं तिच्यावर न्यायालयाचा निर्णय उभा राहूं शकत नव्हता. सिद्ध करतां येईल तेवढेंच मागणें हें वकिली शहाणपण खरें. तथापि या निकालानें ग्रंथकारवर्गाचें रक्षण झालें असें जे सरसकट म्हणतात, त्यांनीं हें ओळखावें कीं, प्रत्यक्ष विचार झाला तो शंभरांतील दोघांचा. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचें हित त्यांत साधलें असेल तर तें ओघानें.

दुसरी मर्यादा कायद्याच्याच स्वरूपाची. एकीकरण रोखल्यानंतर सायमन अँड शुस्टरचें पुढें काय झालें? ऑगस्ट २०२३ मध्यें के. के. आर. या गुंतवणूकदार कंपनीनें ती १६२ कोटी डॉलरांस घेण्याचा करार केला. स्पर्धेच्या दृष्टीनें ही खरेदी निर्दोष होती, कारण नव्या मालकाचें स्वतःचें दुसरें मोठें प्रकाशनगृह बाजारांत नव्हतें. पण ग्रंथांविषयीं ममत्व असणें व नसणें हा प्रश्न कोणत्याहि स्पर्धा-कायद्यास विचारतां येत नाहीं. कायदा धन्यांची संख्या राखूं शकतो. धनी रसिक असावा अशी अट घालूं शकत नाहीं. ही न्यायाधीशांची उणीव नव्हे. परंतु निकालाकडून किती आशा करावी हें यावरून कळतें.

निकालाचा परिणाम पुढें मात्र दिसून आला. न्यायखातें व संघीय व्यापार आयोग यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें एकीकरणांच्या छाननीचे जे नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत विकत घेणाऱ्यांच्या एकीकरणाची स्वतंत्र कसोटी घातली असून, श्रमिक व पुरवठादार यांच्याबरोबर निर्मिति करणाऱ्या कलावंतांचाहि तींत स्पष्ट उल्लेख आहे. स्मृतिकारांचे 'कारू व शिल्पी' अशा रीतीनें अमेरिकेच्या सरकारी कागदांत येऊन बसले आहेत.

आपल्याकडेहि हा विषय केवळ दूरदेशचा राहिलेला नाहीं. १९६९ च्या जुन्या मक्तेदारी-कायद्याच्या जागीं २००२ चा स्पर्धा कायदा आला. बलिष्ठ संस्थेनें अन्याय्य भाव लादण्याविषयींच्या त्याच्या कलमांत विक्रीच्या भावाबरोबर खरेदीचा भावहि नमूद आहे, आणि कंपन्यांच्या एकीकरणांची छाननी भारतीय स्पर्धा आयोग २०११ पासून करीत आहे. पेंग्विन रँडम हाउस भारतांतहि ग्रंथ काढते, व २०१८ सालीं तिनें हिंद पॉकेट बुक्स ही जुनी हिंदी संस्था विकत घेतली. मराठी ग्रंथव्यवहारांत आगाऊ रकमेची प्रथा फारशी रुजलेली नसल्यामुळें अडीच लाख डॉलरांची ती रेघ आपल्या उपयोगाची नाहीं. पण दारें किती उघडीं आहेत हा प्रश्न मराठी लेखकासहि तितकाच लागू आहे, आणि तो कोणत्या मापानें मोजावा हें या निकालपत्रानें शिकविलेलें नाहीं.

भाषेविषयीं दोन शब्द. निकालपत्र रूक्ष आहे, आंकड्यांनीं व संक्षिप्त नांवांनीं भरलेलें आहे. पण प्रत्येक आक्षेपास त्यांत उत्तर आहे, आणि प्रतिपक्षाचें म्हणणें खोडण्यापूर्वीं तें प्रामाणिकपणें मांडलेलें आहे. हा गुण आपल्या वाङ्मयीन वादांत सांपडता तर किती बरें झालें असतें! ग्रंथकारांनीं, प्रकाशकांनीं व कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें. वाचून झाल्यावर पांचव्या दाराचा प्रश्न त्यांच्या मनांत उरला, तर आमच्या परीक्षणाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.