पाण्याचे सूत्र आणि श्वसनयंत्रावरील बालक

होलिडे व सेगर या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९५७ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात रुग्णालयातील मुलांस शिरेवाटे रोज किती पाणी द्यावे याचे सूत्र मांडले. पहिल्या १० किलोंस दर किलोमागे १०० मि. लि., पुढील १० किलोंस ५० आणि त्यावरील प्रत्येक किलोस २०, असे ते सुटसुटीत सूत्र आहे. वैद्यकीय वाङ्मयात इतका अल्पाक्षरी व उपयुक्त नियम विरळाच. तथापि हा सुटसुटीतपणाच त्याच्या दुरुपयोगास कारण झाला.

सूत्राचा पाया उष्मांकांचा आहे. मूल जितके उष्मांक खर्च करील, त्या प्रमाणात त्वचा, श्वास व मूत्र यांवाटे पाणी जाईल, असे त्यात गृहीत आहे. श्वसनयंत्रावरील बालकाच्या ठायी हे गृहीत टिकत नाही. यंत्रातील हवा उबदार व दमट केलेली असते. म्हणून श्वासावाटे होणारा जलक्षय फारच घटतो. गुंगीच्या औषधांनी उष्मांकांचा व्यय कमी होतो. आजाराचा ताण व छातीतील वाढलेला दाब यांमुळे मूत्र रोखणारे संप्रेरक अधिक स्रवते. म्हणजे खर्च आटला, जमा मात्र तीच राहिली.

१२ किलोंच्या मुलास सूत्रानुसार दिवसाला १,१०० मि. लि. पाणी मिळते. प्रतिजैवके, गुंगीची औषधे व नळी धुण्याचा द्रव यांचे पाणी त्याखेरीज. समजा, रोज ४०० मि. लि. शिल्लक राहिले, तर तीन दिवसांत वजनाच्या १० टक्के पाणी अंगात साचते. ही मर्यादा धोक्याची खूण मानली जाते; फुप्फुसे जड होतात व यंत्र सुटण्यास विलंब लागतो.

यावरून पाणी सरसकट तोडावे असा निष्कर्ष काढणेही अविचाराचे होईल. कोकणातील लाल विंचवाचा दंश याचे उत्तम प्रमाण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा दीर्घ अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविला. त्याविषयीचे त्यांचे लेखन १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दंश झालेल्या मुलाचे शरीर घाम व वांत्यांनी कोरडे पडते, आणि त्याच वेळी हृदयावरील भार असह्य होऊन फुप्फुसांत पाणी भरू शकते. एकच बालक तहानलेलेही असते आणि बुडतही असते. अशा वेळी कोणतेही एकच सूत्र अपुरे पडते.

पनवेलच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. दक्षिण रायगडातून मुंबईकडे येणारा महामार्ग पनवेलवरून जातो आणि याच तालुक्यात कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाड-माणगावहून हलविलेल्या बालकास पहिल्या दवाखान्यात व वाटेत दिलेले सलाईन कागदावर उतरले नसेल, तर पुढील सर्व गणित आरंभापासूनच चुकते. पाण्याचा हिशेब अतिदक्षता कक्षाच्या दारापासून नव्हे, तर पहिल्या सुईपासून धरला पाहिजे.

सूत्राच्या मर्यादा ओळखाव्यात आणि प्रसंगानुरूप त्यात बदल करावा, असा इशारा खुद्द होलिडे व सेगर यांनी दिला होता. तेव्हा दोष सूत्रकारांचा नव्हे; त्यांचे कोष्टक पाठ करून इशारा विसरणाऱ्या वाचकांचा आहे. रोजचे वजन, मूत्राचे माप आणि प्रत्येक थेंबाची नोंद यांवाचून हे सूत्र अर्धेच वाचले गेले, असे म्हणावे लागेल.